गोल्डफिश आवडीने खाणारा गार्टर साप आणि प्रश्नातलं शेवटचं वाक्य

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तीन महिन्यांपूर्वी 'वाइल्ड टाइप' म्हणून घेतलेला छोटा गार्टर साप, लांबी साधारण 35 सेंटिमीटर. विकणाऱ्याने सांगितलं म्हणून जिवंत गोल्डफिश देत होतात आणि तो त्यांचा फडशा पाडत होता. मग कुठेतरी वाचलंत की सापाला उंदीरच हवा. म्हणून गेले पंधरा दिवस उंदराची गुलाबी पिल्लं पुढे करताय. तो जीभ लपलपवतो आणि तोंड फिरवतो. कोणी तरी म्हणालं, उपाशी ठेवा, भूक लागली की झक मारत खाईल. तर किती दिवस उपाशी ठेवू, हा तुमचा प्रश्न. जोडीला आणखी एखादा छोटा साप घ्यावा का, हा दुसरा. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेलं एक वाक्य: "हल्ली अधूनमधून मान झटकतो, ते खेळणं असतं का?"

मी त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते.

गार्टर आणि त्याच्यासारखे छोटे साप मी पंधरा-सोळा वर्षं सांभाळतेय, दुसऱ्यांच्या आजारी सापांचीही थोडीफार उस्तवार केली आहे. साप खेळत नाहीत. निदान मान झटकून तरी नाही. तीन महिने गोल्डफिशवर असलेला गार्टर मान किंवा अंग झटकायला लागला, की दुसरं कारण सापडेपर्यंत मी बी-1 जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची कमतरता धरून चालते. इतर कारणंही असतात, हे कबूल. पेटी जास्त तापली असेल, खोलीत कीटकनाशक फवारलं असेल, अंगावर पिसवांसारखे बारीक माइट असतील, डोक्यात संसर्ग गेला असेल. समोर साप नसताना यातलं काय ते मला सांगता येणार नाही. पण तुमच्या हकिकतीत गोल्डफिश आहेत, म्हणून पहिला संशय तिथे. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे उद्याच न्या आणि आत शिरताच सांगा: "तीन महिने फक्त गोल्डफिश खाल्ल्यात." या एका वाक्याने त्यांचा निम्मा तपास वाचतो. असे डॉक्टर बहुधा बी-1 चं इंजेक्शन देतात. वेळेत दिलं तर सुधारणा काही दिवसांतच दिसू लागते. उशीर झाला तर मेंदूला झालेली इजा भरून येईलच असं नाही.

आता हे होतं कशामुळे? गोल्डफिश आणि एकूणच कार्प कुळातल्या बऱ्याच माशांच्या शरीरात थायमिनेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. ते थायमिन मोडून टाकतं. मासा पोटात गेला की हे विकर त्या माशातलं थायमिन तर संपवतंच, त्याच जेवणात दुसरीकडून आलेलंही संपवतं. मज्जातंतूंना साखरेपासून ऊर्जा मिळवायला थायमिन लागतं. ते आटलं की आधी मान झटकणं, मग तोल जाणं, उलटं पडल्यावर सरळ होता न येणं, शेवटी झटके, असा क्रम लागतो. खादाडपणा मात्र कधीकधी बरेच दिवस तसाच राहतो. म्हणून तर कुणाला शंका येत नाही. खातोय ना, मग ठीकच असणार, असं वाटत राहतं. हा प्रकार फक्त सापांतला नाही. अमेरिकेत 1930 च्या दशकात फरसाठी पाळलेल्या कोल्ह्यांना कच्चे मासे घालायचे, तिथे कोल्ह्यांचे पाय लुळे पडू लागले. त्याला चॅस्टेक पॅरालिसिस म्हणतात आणि मूळ कारण हेच.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. माझा पहिला गार्टरही असाच छोटा होता. बाजारात चारा म्हणून मिळणाऱ्या बारीक माशांवर मी त्याला चार महिने वाढवला. दर तिसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यात मासे सोडायचे आणि तो कसा झडप घालतो ते बघत बसायचं. एका सकाळी तो फांदीवरून खाली पडलेला दिसला. पाठीवर. पांढरट पोट वर, मान स्क्रूच्या आट्यासारखी पिळलेली. मी सरळ केला, तो पुन्हा कलंडला. बोटावर घेतला तर शेपटीने घट्ट विळखा घातला, पण डोकं मात्र डावीकडे वळायचं आणि तिथेच थरथरायचं. आदल्याच संध्याकाळी त्याने सहा मासे खाल्ले होते. डॉक्टरांपर्यंत पोचेतो दुपार झाली. तो वाचला नाही. त्याआधी जवळजवळ तीन आठवडे तो मान झटकत होता आणि मला त्याची गंमत वाटायची. तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी लगेच लिहायला बसले ते यामुळे.

तुम्ही म्हणाल, जंगलात, ओढ्याकाठी हे साप मासेच तर खातात. खातात. पण मासेच खात नाहीत. थॅम्नोफिस सिर्टॅलिस, म्हणजे साधा गार्टर, उत्तर अमेरिकेत कॅनडापासून फ्लोरिडापर्यंत सापडतो, आणि इतका पसरला तो खाण्याच्या बाबतीत फारसा चोखंदळ नाही म्हणूनच. गांडूळ, बेडूक, टॅडपोल, मासे, बिनशंखाच्या गोगलगायी, कधी उंदराचं पिल्लू, जे हाती लागेल ते. काही भागांतले गार्टर तर तिथल्या खरखरीत कातडीच्या न्यूटचं, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराचं, विषसुद्धा पचवतात, ज्याने माणूस मरू शकतो. पण असा दणकट प्राणीसुद्धा रानात तीन महिने एकाच जातीचा मासा खात राहत नाही. आज थायमिनेज असलेला मासा, परवा गांडूळ, तेरवा बेडूक, म्हणजे हिशेब आपोआप जुळतो. आपण त्याचा मेन्यू एका ओळीवर आणतो, तिथे घोटाळा होतो.

म्हणून गोल्डफिश आजपासून बंद. चारा म्हणून विकल्या जाणाऱ्या लालसर मिनो माशांचंही तेच. हेरिंग आणि स्मेल्टमध्येही थायमिनेज असतं. गोठवल्याने ते मरत नाही, हे नीट लक्षात घ्या. फ्रीजरमध्येही त्याचं काम हळूहळू चालूच राहतं. शिजवल्याने ते निकामी होतं, पण आधीच गेलेलं थायमिन परत येत नाही. ट्राउट, सामन, तिलापिया यांत थायमिनेज नाही. जिवंत द्यायचेच असतील तर घरी वाढवलेले गप्पी चालतात. नुसतं फिले देऊ नका. कातडं आणि मऊ काटे ठेवून बारीक तुकडे करा, नाहीतर कॅल्शियम मिळत नाही. कच्च्या माशांतून जंत येतात, म्हणून उणे 20 अंशांवर निदान आठवडाभर गोठवून मगच वापरायचे. बेडूक देऊ नका. आवडतात त्याला, पण बाहेरचा बेडूक म्हणजे जंतांची थैली.

गांडुळांबद्दल मला थोडं जास्त सांगायचंय, कारण तुमच्या आकाराच्या सापाला सगळ्यात सोयीचं खाणं तेच आणि चुकाही तिथेच होतात. मोठं मातीतलं गांडूळ, ज्याला नाइटक्रॉलर म्हणतात, ते उत्तम. कंपोस्टच्या खड्ड्यातलं लालसर, पट्टेदार गांडूळ, आयसेनिया फेटिडा, अजिबात नको. डिवचलं की ते पिवळसर, घाण वासाचा द्रव सोडतं. साप बहुतेक वेळा ते थुंकतो आणि गिळलंच तर ओकतो. त्याहून वाईट म्हणजे पुढे चांगलं गांडूळसुद्धा नाकारायला लागतो. फरक ओळखायला सोपं: दाबल्यावर बोट पिवळं झालं तर ते फेकून द्या. बागेतली गांडुळं खत-औषध न मारलेल्या मातीतलीच हवीत, आणि तसं खात्रीने सांगता येत नसेल तर सरळ घेऊच नका. द्यायच्या आधी एक रात्र ओल्या कागदात ठेवली की पोटातली माती निघून जाते. आठवड्यातून एकदा त्यावर कॅल्शियमची चिमूटभर पूड. नुसत्या गांडुळांवर साप जगतो, पण सावकाश वाढतो, आणि एकाच खाण्यावर राहण्याचा धोका तिथेही आहेच.

आता उपाशी ठेवण्याविषयी. किती दिवस ठेवू, याचं माझं उत्तर: एकही नाही. पूर्ण वाढलेला, भरल्या अंगाचा साप काही आठवडे सहज काढतो, म्हणून ही युक्ती कधीतरी कुणाला लागू पडते. तुमचा साप वर्षाच्या आतला असणार, वजन अंदाजे पंधरा ग्रॅम. त्याच्याकडे साठा तो किती? त्यात पंधरा दिवस गेलेच आहेत, वर थायमिनची शंका. त्याला आज रात्री ट्राउटचा किंवा तिलापियाचा बारीक तुकडा किंवा गांडूळ द्या. उंदराचा विषय महिनाभर बाजूला ठेवा.

आणि उंदीर लागतोच का? गार्टरला लागतोच असं नाही, पण मला तो आहारात असलेला आवडतो. उंदराचं अख्खं पिल्लू म्हणजे हाडं, काळीज, आतडी सगळं एकत्र. पूडी शिंपडत बसावं लागत नाही. पण गार्टर हा वासावर खाणारा प्राणी. ज्या वासावर तो वाढला, तेच त्याच्या लेखी अन्न. तुम्ही गुलाबी पिल्लू पुढे करता तेव्हा त्याला ते नापसंत नसतं. ते अन्न आहे हेच त्याला ठाऊक नसतं. मग ओळख करून द्यायची.

मी कसं करते ते सांगते. साप आजारातून उठल्यावर, दोन-तीन जेवणं नीट पचवल्यावर. छोट्या उथळ बशीत गांडूळ कात्रीने सेंटिमीटरभराचे तुकडे करून घ्यायचं. गोठवलेलं पिल्लू झाकणबंद पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवून वितळवायचं, मायक्रोवेव्हमध्ये नाही, तिथे ते आतून फुटतं. त्याचा वाटाण्यापेक्षा लहान तुकडा कापायचा आणि गांडुळाच्या चिकात घोळवायचा, अगदी माखून निघेपर्यंत. काम किळसवाणं आहे, कबूल. पण गार्टर कापलेलं खातो ही मोठी सोय आहे. बहुतेक साप तुकड्याकडे ढुंकून बघत नाहीत. बशी आत ठेवायची आणि मागे सरकायचं. माझ्याकडे गेल्या वर्षी आलेली एक मादी पहिले तीन आठवडे गांडुळाचे तुकडे टिपून घ्यायची आणि पिल्लाचा तुकडा बशीच्या कडेला तसाच सोडायची, अगदी मुलं भाजीतली मिरची काढून ठेवतात तशी. चौथ्या आठवड्यात गांडुळाला चिकटून एक तुकडा तोंडात गेला. अर्ध्यावर थबकली, जबडा दोनदा हलवला, आणि गिळला. त्यानंतर प्रमाण वाढवत नेलं: आधी पाचात एक तुकडा पिल्लाचा, मग दोन, मग निम्मे. सुमारे दोन महिन्यांत ती अख्खं पिल्लू खायला लागली, फक्त नाकाला गांडूळ चोळलेलं. मग तेही लागलं नाही. काही साप पहिल्याच दिवशी खातात, काही सहा महिने घेतात, एखादा कधीच खात नाही. कधीच खाल्लं नाही तर मासे-गांडूळ आलटून पालटून, वर सरपटणाऱ्या प्राण्यांची जीवनसत्त्वांची पूड, यावरही तो छान जगतो. तोंड उघडून कोंबण्याच्या फंदात पडू नका. एवढ्याशा सापाचा जबडा आणि घसा फार नाजूक असतो, आणि ते काम डॉक्टरांचं.

इथे जरा थांबून क्रम लावते, कारण बोलता बोलता मी खूप फिरले. उद्या डॉक्टर. आज रात्री सुरक्षित मासा किंवा गांडूळ, थोडंच. गोल्डफिश कायमचे बंद. उंदराचं पिल्लू महिन्याभराने, चिकात घोळवून. यात आणखी एक गोष्ट आज रात्रीच बघायची आहे, तिच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही: ऊब.

साप न खाण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण पेटीतलं तापमान. त्याची पचनशक्ती त्याच्या अंगात नसते, पेटीत असते. पेटीच्या एका टोकाला 29 ते 31 अंश, दुसऱ्या टोकाला 22 ते 24, रात्री सगळीकडे 18 ते 20 पर्यंत उतरलं तरी चालतं. उबेची चादर किंवा दिवा, काहीही वापरा, पण थर्मोस्टॅटशिवाय नको. नुसती चादर तळाला इतकी तापते की पोट भाजतं, आणि साप चटका बसत असताना पटकन हलत नाही. काचेला चिकटवायचे गोल काटेवाले तापमापक बघून मला हसू येतं. एकाच पेटीत दोन लावले तर दोघांत पाच अंशांचा फरक. तार असलेला डिजिटल तापमापक घ्या आणि त्याचं टोक साप बसतो तिथे, जमिनीला टेकवून ठेवा. गार्टर दिवसा हिंडणारा साप आहे, त्याला दिवसरात्रीचा फरक लागतो. सौम्य अतिनील दिवा हवाच का, यावर पाळणाऱ्यांत मतभेद आहेत. मी लावते. त्याखाली ते येऊन पसरतात, एवढं मला पुरतं.

लपायच्या जागा दोन, एक उबेकडे, एक गारव्याकडे. एकच ठेवली तर सापाला सुरक्षित राहायचं की ऊब घ्यायची, यात निवड करावी लागते, आणि भित्रा साप नेहमी लपणं निवडतो. मग तो थंड राहतो, खात नाही, आणि आपण अन्नाला दोष देतो. पाण्याचं भांडं अंग बुडेल एवढं हवं. गार्टर पाण्याशिवाय लवकर कोमेजतो. पण पेटी ओलीचिंब नको. सतत ओल्या तळावर राहिला की पोटाच्या खवल्यांखाली पाण्याचे फोड येतात. तळ कोरडा आणि कात टाकायच्या दिवसांत ओल्या शेवाळाची एक डबी, एवढं बस. आजारी असेपर्यंत खाली नुसता साधा कागद अंथरा, विष्ठा दिसते, माइट दिसतात. पाइन आणि देवदाराचा भुसा कधीच नको, त्यातल्या सुगंधी तेलांचा सापांना त्रास होतो. आणि झाकण! या आकाराचा साप पेन्सिल जाईल तेवढ्या फटीतून जातो. तारेचं भोक तुम्हाला बारीक वाटतं, त्याला वाटत नाही.

डोळे दुधाळ, निळसर झालेले दिसले तर खाणं नाकारणं अगदी नैसर्गिक आहे. कात यायची वेळ असते, त्याला नीट दिसत नाही. डोळे निवळल्यावर चारेक दिवसांत कात पडते आणि मग तो भुकेलेला असतो. कात पडल्यावर ती उलगडून डोळ्यांवरच्या चकत्या आणि शेपटीचं टोक आलंय का ते बघा. टोकाला राहिलेल्या कातीच्या कड्या रक्तपुरवठा अडवतात आणि शेपटीचा तुकडा सुकून जातो.

'वाइल्ड टाइप' या शब्दाने तुमची थोडी फसगत झाली असावी, कारण तुम्ही लिहिलंय की "जंगली आहे म्हणून जिवंतच खाईल". वाइल्ड टाइप म्हणजे फक्त नैसर्गिक रंगाचा. अल्बिनो किंवा निवडून पैदास केलेल्या रंगाचा नव्हे. असा साप पाच पिढ्या पेटीत जन्मलेला असू शकतो. रानातून पकडलेल्याला वाइल्ड कॉट म्हणतात. ती वेगळी गोष्ट. विकणाऱ्याला स्पष्ट विचारा: पेटीत जन्मला की पकडला? पकडलेला असेल तर जंत जवळजवळ गृहीत धरायचे, डॉक्टरांकडे जाताना ताजी विष्ठा डबीत न्यायची, आणि खाण्याबाबत दुप्पट सबुरी ठेवायची. स्वतः पकडून साप पाळायचा विचार मनात असेल तर तो सोडा. बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे. भारतात तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे देशी साप घरात ठेवताच येत नाहीत. कायदा बाजूला ठेवला तरी पकडलेले छोटे साप पेटीत भीतीनेच खाणं टाकतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

दुसऱ्या सापाचं म्हणाल तर आत्ता नको. एक आजारी असताना दुसरा आणणं म्हणजे आजाराला सोबत देणं. पुढे आणाल तेव्हा आधी खाणं बघा, मग साप. डीकेचा तपकिरी साप गोगलगायी आणि गांडुळांवर राहतो, हातभरसुद्धा होत नाही, पण उंदीर त्याच्या तोंडात मावत नाही. रिंगनेक दिसायला देखणा, पण त्याला बऱ्याचदा सॅलमॅंडर (न्यूटसारखेच उभयचर) हवे असतात आणि तुम्ही ते रोज आणणार कुठून? खरखरीत हिरवा साप किड्यांवर जगतो, ताण घेतो आणि पेटीत लवकर मरतो. तो मी कुणालाच सुचवत नाही. पश्चिमी हॉगनोज रानात भेक खातो, पण पेटीत जन्मलेला बहुधा उंदरावर येतो. अंगापिंडाने जरा दणकट साप हवा असेल तर केप हाउस स्नेक उंदीर बिनतक्रार खातो. गार्टरला गार्टरची सोबत मात्र चालते. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिसला वसंतात हजारो गार्टर चुनखडीच्या खड्ड्यांतून एकत्र बाहेर येतात, गर्दीचं त्यांना वावडं नाही. पण खायला घालताना वेगवेगळं ठेवायचं. एकाच गांडुळाची दोन टोकं दोघांनी धरली की गिळता गिळता तोंडं भिडतात आणि मोठा छोट्याचं डोकं गिळायला लागतो. मी एकदा जेमतेम वेळेत पोचले होते.

किती आणि कधी द्यायचं ते थोडक्यात. घास सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढा, त्याहून मोठा नको. एका जेवणात वजनाच्या दहा-पंधरा टक्के. मासे आणि गांडूळ लवकर पचतात, म्हणून तुमच्या सापाला दर तीन-चार दिवसांनी. पिल्लू खायला लागला की पाच-सहा दिवसांनी. मोठा झाल्यावर आठवड्याने. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. ओकला तर घाबरून लगेच पुन्हा भरवू नका, निदान आठ-दहा दिवस फक्त पाणी, मग नेहमीच्या निम्मा घास. दुसऱ्यांदा ओकला तर डॉक्टर. हात प्रत्येक वेळी साबणाने धुवा, सापाची भांडी स्वयंपाकाच्या ओट्यावर नकोत, आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला साप हाताळू देऊ नका. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू निरोगी दिसणाऱ्या सापाच्या अंगावरही असतो.

एकेका ग्रॅमचा फरक दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. डबीत साप, डबीचं वजन वजा. दर रविवारी, खाण्याच्या आधी. डोळ्यांना पंधरा ग्रॅम आणि तेरा ग्रॅम सारखेच दिसतात, पण एवढ्या सापासाठी ते दोन ग्रॅम म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त घट. पाठीचा कणा वर येऊन अंग त्रिकोणी दिसायला लागलं तर वजनाची वाटसुद्धा बघू नका.

आज रात्री मान झटकताना मोबाइलवर चित्रण करून ठेवा. डॉक्टरांच्या टेबलावर साप हटकून शहाण्यासारखा वागतो. दहा सेकंदांचं चित्रण, आजचं वजन आणि गेल्या तीन महिन्यांत किती गोल्डफिश दिल्या त्याचा अंदाजी आकडा, एवढं घेऊन जा. प्रवासात त्याला कापडी पिशवीत घालून पिशवी डब्यात ठेवा, आणि गाडीत एसीचा झोत डब्यावर येऊ देऊ नका.